दारातून परत गेलेला वाचक

नॅक या उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेच्या मूल्यांकनात महाविद्यालये आणि विद्यापीठे वर्षानुवर्षे एक रकाना भरत आली आहेत: शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी केलेला ग्रंथालयाचा दररोजचा सरासरी वापर, टक्क्यांत. दारावरच्या नोंदवहीतली हजेरी घ्यायची, तिच्यात ऑनलाइन लॉगिन मिळवायचे, कामाच्या दिवसांनी भागायचे आणि पटसंख्येशी ताडायचे. सही करून वर्तमानपत्र चाळणारा आणि तीन तास शोधनिबंध वाचणारा, दोघेही इथे एकेक. लॉगिन करून दुसऱ्या मिनिटाला बाहेर पडणाराही एकच. त्यामुळे समिती येण्याच्या सुमारास एकेक वर्ग संगणक कक्षात नेला आणि सगळ्यांकडून लॉगिन करून घेतले, की टक्का वर चढतो. वाचन होते तिथेच राहते.

हा विषय आतापर्यंत ग्रंथपालांच्या चर्चासत्रांपुरता होता. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ या, सरकारी संस्थांसाठी नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरण्याच्या, योजनेला मंजुरी दिली आणि तो सार्वजनिक पैशाचा झाला. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, केंद्र आणि राज्य सरकारे चालवत असलेल्या ६,३०० हून अधिक संस्था, सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक व संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण १,१११ रुपये पडतात. या योजनेच्या वापराचा वेळोवेळी आढावा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घ्यायचा आहे. म्हणजे कोणीतरी, कुठल्यातरी तक्त्यात, नांदेडच्या, जळगावच्या, गडचिरोलीच्या विद्यापीठासमोर एक आकडा लिहिणार आणि त्या आकड्यावरून काही ठरणार. तो आकडा डाउनलोडचा असेल तर गोंधळ अटळ आहे.

माझे म्हणणे असे, की डिजिटल ग्रंथालयाचा वापर मोजायला सुरुवात करावी ती दारातून परत गेलेल्यांपासून. आत आलेल्यांची मोजणी प्रकाशक आपण होऊन करून देतात. परत गेलेल्याची नोंद कोणीच ठेवत नाही.

आधी हा डाउनलोडचा आकडा उघडून पाहू, कारण त्याच्यावर विश्वास फार लवकर बसतो. प्रकाशक जे अहवाल देतात ते ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार असतात. तिची पाचवी आवृत्ती जानेवारी २०१९ पासून लागू झाली. त्यात दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. लेखाचा सारांश पाहणे, पान उघडणे अशी कोणतीही हालचाल ही ‘इन्व्हेस्टिगेशन’. पूर्ण मजकूर प्रत्यक्ष उघडणे किंवा उतरवून घेणे ही ‘रिक्वेस्ट’. वार्षिक अहवालात मोठा दिसतो म्हणून पहिला आकडा छापला, की वापर कुठल्या कुठे जातो. त्याच दुव्यावर तीस सेकंदांत दोनदा टिचकी पडली तर ती एकच धरतात. नेट संथ असले की माणूस बटण दाबतच राहतो, त्यासाठी ही सोय. चौथ्या आवृत्तीत एकच लेख आधी वेबपानावर उघडला आणि मग पीडीएफ घेतला तर ते दोन वापर होत. काही प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर वेबपान आपोआप उघडत असल्यामुळे त्यांचा वापर कागदावर फुगायचा. पाचव्या आवृत्तीने ‘युनिक’ आकडा आणून हे मिटवले. पण २०१८ आणि २०१९ चे आकडे एकाच आलेखात ओढून ‘वापर घटला’ असा निष्कर्ष काढणे अजूनही सहज शक्य आहे. घटलेली असते ती मोजणीची पद्धत.

ई-पुस्तकांत याहून मोठी गंमत आहे. एक प्रकाशक पुस्तक एका सलग फायलीत देतो, दुसरा वीस प्रकरणांच्या वीस फायलींत. तेच पुस्तक पूर्ण वाचणाऱ्या विद्यार्थिनीचा वापर पहिल्याकडे एक, दुसऱ्याकडे वीस. नूतनीकरणाच्या वेळी दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर दुसरा प्रकाशक स्वस्त वाटणार. शीर्षकनिहाय ‘युनिक टायटल रिक्वेस्ट’ पाहिल्याशिवाय पुस्तकांची तुलना करू नये. विद्यापीठाच्या स्वतःच्या भांडारात, म्हणजे बहुधा डीस्पेस या संगणकप्रणालीवर, तर बॉटही, म्हणजे आपोआप पाने उघडत फिरणारे प्रोग्रामही, वाचक म्हणून मोजले जातात. शोधयंत्रांचे बॉट जुनेच. गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांसाठी मजकूर ओढणारे बॉट आले, तेव्हापासून पाहण्यांचे आकडे आणखीच बेभरवशाचे झाले. बॉटची यादी अद्ययावत करून जुन्या नोंदी गाळल्या नाहीत, तर एखाद्या धूळ खात पडलेल्या प्रबंधाला एका रात्रीत हजारो ‘वाचक’ मिळतात.

एवढे सगळे नीट केले तरी या अहवालातून विद्यार्थी दिसत नाही. परिसरातला प्रवेश आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटच्या जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखला जातो. प्रकाशकाला कळते ते इतकेच, की अमुक विद्यापीठातून कोणीतरी आले. तो प्राध्यापक होता, पीएचडीचा संशोधक होता की एमएच्या पहिल्या वर्षाची मुलगी, हे त्या नोंदीत नसते. ‘आमच्या विद्यार्थ्यांनी वर्षभरात इतके लेख वाचले’ हे वाक्य म्हणूनच बहुतेक वेळा अंदाज असते.

आता दाराकडे येऊ. विद्यापीठाच्या अभ्यासिकेत दुपारी बसलेले विद्यार्थी पाहा: लॅपटॉप थोड्यांकडे, फोन सगळ्यांकडे. फोनवर नेट चालते ते स्वतःच्या सिमवर, कारण परिसरातले वायफाय मिळत नाही, किंवा मिळते पण दर अर्ध्या तासाने पुन्हा पासवर्ड मागते. सिमवरच्या फोनचा आयपी दूरसंचार कंपनीचा असतो, विद्यापीठाचा नसतो. म्हणजे ग्रंथालयाच्या छपराखाली, ग्रंथालयाच्याच खुर्चीत बसलेला हा विद्यार्थी प्रकाशकाच्या दृष्टीने बाहेरचा. त्याला लेखाऐवजी डॉलरमधली किंमत दिसते. तो मागे फिरतो. बहुतेकांना हे कारण माहीतच नसते. ‘आपल्याकडे हे नाहीये’ एवढीच समजूत घेऊन ते जातात आणि पुढच्या बॅचलाही तेच सांगतात.

हा परत गेलेला विद्यार्थी कुठल्या अहवालात येतो? कुठल्याच नाही. काउंटरमध्ये नाकारलेल्या प्रवेशांचा वेगळा अहवाल असतो, पण त्यात तेच येतात ज्यांची संस्था ओळखली गेली. सिमवरून आलेल्याची संस्थाच कळली नाही, त्यामुळे त्याचा नकार कोणाच्याही खात्यावर पडत नाही. घरून गूगल स्कॉलरमार्गे थेट प्रकाशकाच्या पानावर पोचलेल्याचेही तसेच, आणि पुष्कळसा शोध तिथूनच सुरू होतो. ग्रंथालयाच्या मुखपृष्ठावरून ‘ई-रिसोर्सेस’, मग ‘ए टू झेड’, मग प्रकाशकाचे नाव, मग शोध हा चार पायऱ्यांचा रस्ता ग्रंथपालाला पाठ असतो. विद्यार्थ्याला प्रकाशकाच्या नावाशी काहीच देणेघेणे नसते, त्याला विषय हवा असतो.

घरून वाचण्यासाठी सोय आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राची इन्फेड ही ओळखपद्धती आहे, अनेक विद्यापीठांत प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या वाचकाला विद्यापीठाच्या आयपीवरून आत नेणारी सोय, आहे, अनुदानित महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही ई-साधनांची योजना आहे. पण प्रत्येकासाठी आधी खाते लागते. खाते कसे मिळते ते पायरीपायरीने पाहिले की गळती कुठे होते ते दिसते. विभागाकडून नावे व ईमेलची यादी ग्रंथालयाकडे जाते. प्रवेश लांबले तर यादी सप्टेंबरात पोचते. त्यातले कित्येक ईमेल सायबर कॅफेवाल्याने प्रवेश अर्ज भरताना तिथल्या तिथे काढलेले. त्यांचा पासवर्ड विद्यार्थ्याला ठाऊक नसतो. खाते तयार झाल्याचे पत्र त्या पेटीत, बहुधा स्पॅममध्ये, पडून राहते. ज्यांना मिळते त्यांतल्या काहींना पहिल्या लॉगिननंतर संस्थांच्या लांबलचक यादीतून आपले विद्यापीठ निवडावे लागते, आणि विद्यापीठाचे नाव बदललेले असेल तर ते जुन्या नावाखाली की नव्या, तेही शोधावे लागते. तोवर पहिले सत्र संपत आलेले असते.

म्हणून पहिला आकडा हवा तो हा: पटावरच्या प्रत्येक शंभर विद्यार्थ्यांपैकी किती जणांना खाते दिले, त्यातल्या किती जणांनी एकदा तरी लॉगिन केले, आणि किती जणांनी दुसऱ्यांदा केले. तीन संख्या. त्या काढायला नवी प्रणाली लागत नाही. खात्यांची यादी आणि लॉगिनची नोंद शेजारी ठेवली की पुरते. पहिल्या आणि दुसऱ्या संख्येत मोठी दरी असेल तर दोष खाते पोचवण्यात आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात असेल तर विद्यार्थी आत आला, त्याला हवे ते मिळाले नाही आणि तो पुन्हा फिरकला नाही. या दोन दोषांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि दररोजच्या सरासरी टक्क्यात दोन्ही बेमालूम मिसळून जातात. पटसंख्या धरतानाही जपायला हवे. संलग्न महाविद्यालयांतले, दूरशिक्षणातले विद्यार्थी विद्यापीठाच्या परवान्यात बसतात की नाही हे न पाहता त्यांना भागाकारात घेतले तर टक्का हास्यास्पद होतो. परवान्यात असूनही वगळले तर खोटा होतो.

नाकारलेल्या प्रवेशांच्या अहवालाकडेही ग्रंथालय समित्या क्वचित पाहतात. नियतकालिकांसाठी टीआर-जे२, पुस्तकांसाठी टीआर-बी२. त्यात नकाराची दोन कारणे वेगळी दिलेली असतात: परवानाच नाही, किंवा एका वेळी जितक्यांना वाचता येते ती मर्यादा संपली. दुसऱ्या प्रकारचे नकार परीक्षेच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत एकदम उसळले तर अर्थ सरळ आहे: एका क्रमिक पुस्तकाचा तीन वाचकांचा परवाना साठ जणांच्या वर्गाला पुरत नाही. तिथे नवा संग्रह घेण्यापेक्षा त्याच पुस्तकाचा परवाना वाढवणे शहाणपणाचे. पहिल्या प्रकारचे नकार ही तर फुकटची मागणीनोंद आहे. ग्रंथालयात पूर्वी ‘हवी असलेली पुस्तके’ लिहायची वही असे, तिचेच हे आजचे रूप. वर्गणीच्या बैठकीत मात्र चर्चा होते ती आधीच घेतलेल्या गोष्टींची.

मराठी माध्यमातल्या, मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांसाठी या सगळ्याच्या आधी एक दार येते, शोधाच्या चौकटीचे. १३,००० नियतकालिकांत मराठीच्या, महाराष्ट्राच्या इतिहासाच्या, लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याला थेट उपयोगी पडणारे थोडेच. त्याचे खरे डिजिटल ग्रंथालय म्हणजे विद्यापीठाने स्कॅन केलेली जुनी पुस्तके व मासिके, शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या राष्ट्रीय भांडारातले मराठी प्रबंध, साहित्य संस्कृती मंडळाची पीडीएफ पुस्तके, विश्वकोश, गॅझेटियर. हे साहित्य आहे आणि मोफत आहे. पण ते शोधून सापडेलच असे नाही.

‘वाङ्मय’ हा शब्द घ्या. नोंद करणाऱ्याने तो ‘वाड्मय’ असा टंकलेला असतो, कारण कळफलकावर ङ सापडला नाही. कुठे ‘वाङमय’ असतो. रोमन लिपीत नोंद असेल तर तीन-चार वेगवेगळी स्पेलिंगे. विद्यार्थी शुद्ध लिहून शोधतो आणि उत्तर येते: शून्य निकाल. ‘ॲ’ हे अक्षर एक संकेतांक म्हणून लिहिता येते, किंवा अ वर वेगळा चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. आणि युनिकोडच्या नेहमीच्या समानीकरणातही ते एक होत नाहीत, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. ‘दुसऱ्या’मधला र अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिला की ऱ हे अक्षर वापरून, त्यावर शोध ठरतो. युनिकोडपूर्व फॉन्टांत बसवलेल्या पीडीएफमधला मजकूर निवडून चिकटवला तर भलतीच चिन्हे उमटतात, म्हणजे फाइल उघडते पण तिच्यात शोध लागत नाही. आणि नुसत्या स्कॅन केलेल्या पानांत तर अक्षरे नसतातच, चित्रे असतात. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार फायलींत ठेवलेले असतात. चौथे प्रकरण हवे तर फायली एकामागोमाग उघडत बसावे लागते, आणि स्कॅन जड असेल तर दिवसाचा डेटा त्यातच संपतो.

यातला बहुतेक भाग एका कामातून उघड होतो, आणि ते काम माझ्या मते सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित आहे: शून्य निकाल देणाऱ्या शोधांची यादी. विद्यापीठाच्या कोहा (ग्रंथालयाची सूचीप्रणाली) किंवा डीस्पेसमधून एका सत्राच्या शोधनोंदी काढाव्यात. ज्यांना एकही निकाल आला नाही ते शोध वेगळे करावेत आणि वारंवारतेने लावावेत. वरच्या दोनशे शोधांची हाताने चार गटांत विभागणी करावी. साहित्य संग्रहात आहे पण लेखनभेदामुळे सापडले नाही, साहित्य आहे पण विषयशीर्षके इंग्रजीत असल्याने सापडले नाही, साहित्य नाहीच, आणि विद्यार्थ्याने अख्खा प्रश्न जसाच्या तसा टंकला आहे. दोन माणसांचे दोन दिवसांचे काम. पहिला गट तांत्रिक दुरुस्तीने सुटतो, दुसरा तालिकीकरणाने, म्हणजे सूचीतल्या नोंदी सुधारून, तिसरा खरेदीने किंवा स्कॅनिंगने. चौथा गट मोठा निघाला तर विद्यार्थ्याला शोध कसा घ्यावा हे कोणी शिकवलेले नाही, असे समजावे. संग्रह अपुरा आहे की रस्ता बंद आहे, हा वाद समितीत वर्षानुवर्षे चालतो. या दोनशे ओळी तो एका बैठकीत मिटवू शकतात.

प्रश्नावलीबद्दल मात्र मी साशंक आहे. ग्रंथालयशास्त्रात अशा सर्वेक्षणांचा महापूर आहे. गूगल फॉर्म तयार होतो, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो, ‘ई-साधनांची माहिती आहे का’, ‘समाधानी आहात का’ असे पाच-पाच पर्यायांचे प्रश्न असतात, आणि निष्कर्ष येतो की बहुसंख्य विद्यार्थी जागरूक व समाधानी आहेत, मात्र प्रशिक्षणाची गरज आहे. हा निष्कर्ष फॉर्म न पाठवताही लिहिता आला असता. उत्तर देतो तो मुळात ग्रंथालयाशी संबंध असलेला विद्यार्थी. फॉर्म सरांनी पाठवला आहे हेही त्याला ठाऊक असते. नमुन्याचा आकडा ३८४ घेतात, कारण मोठ्या समूहासाठी ९५ टक्के विश्वासपातळी आणि अधिकउणे ५ टक्के चूक धरली की सूत्रातून तेवढाच येतो. पण ते सूत्र यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारख्या, निवडीसाठी आहे. आपण होऊन फॉर्म भरलेल्या दोन हजार जणांना ते लागू होत नाही. शिवाय त्या ३८४ मधून विधी शाखेच्या अठरा विद्यार्थ्यांबद्दल टक्केवारी काढणे म्हणजे हवेत बाण मारणे.

सर्वेक्षण करायचेच असेल तर ते लॉगिनच्या जागी करावे. दर महिन्याला यदृच्छेने निवडलेले दोन तास, असे वर्षभर. त्या वेळात साधन उघडणाऱ्याला आत सोडण्याआधी तीनच प्रश्न: तुम्ही कोण (पदवी, पदव्युत्तर, संशोधक, शिक्षक), कुठून वाचता (परिसर, वसतिगृह, घर), आणि कशासाठी (तासिका, परीक्षा, प्रकल्प, प्रबंध, इतर). उत्तर आठवणीतून द्यायचे नसते, हातातल्या कामाबद्दल द्यायचे असते, म्हणून ते खरे असते. आणि जे कधीच लॉगिन करत नाहीत त्यांच्यासाठी हजेरीपटातून दर पंधरावा क्रमांक घेऊन वीसेक जणांशी समोर बसून दहा मिनिटे बोलावे. वीस ही संख्या टक्केवारीसाठी अपुरी आहे, कारणे कळायला पुरेशी.

त्याहून जास्त शिकवते ते शेजारी बसून पाहणे. पाच-सहा विद्यार्थी, वेगवेगळ्या विभागांतले, त्यांचाच फोन, त्यांचेच सिम. प्रत्येकाला तीन कामे द्यायची: लासलगावच्या कांदा बाजारातल्या भावांवर २०१५ नंतरचे दोन शोधनिबंध मिळवा, आपल्या विद्यापीठातला एक मराठी प्रबंध शोधून त्याचे तिसरे प्रकरण उघडा, गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका काढा. पाहणाऱ्याने तोंड मिटून बसायचे, हे सर्वांत कठीण. ग्रंथपालाचा हात आपोआप माउसकडे जातो. लिहायचे एवढेच, की सुरुवात कुठून केली, कुठे अडला, कितव्या मिनिटाला मजकूर उघडला किंवा नाद सोडला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. ते सूत्र प्रत्येक ग्रंथालयाच्या भिंतीवर असते, पण पहिला लेख उघडायला लागलेली मिनिटे कोणत्याही वार्षिक अहवालात नसतात. सहा जणांपैकी चौघे एकाच बटणापाशी अडले तर सातवा विद्यार्थी बोलावण्याची गरज नाही, बटण बदला.

वाचलेले कामी आले का, हे पाहायचे तर लघुप्रबंधांच्या संदर्भसूच्या पाहाव्यात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प करावा लागतो, म्हणजे दरवर्षी हा कच्चा माल आपोआप तयार होतो. एका विभागाचे तीस प्रकल्प घ्यावेत, प्रत्येक संदर्भ तपासावा: ग्रंथालयाच्या परवान्यात होता का, खुला उपलब्ध होता का, की दोन्ही नाही? दोन्हीत नसलेले पण वापरलेले संदर्भ बरेच निघाले तर विद्यार्थी ते टेलिग्रामवरून किंवा साय-हबसारख्या, परवान्याविना लेख फुकट देणाऱ्या, ठिकाणांहून आणत असावेत. ज्याविरुद्ध एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तेच हे साय-हब. कायद्याची बाजू न्यायालय पाहील. ग्रंथालयाला यातून कळते ते असे, की अधिकृत वापर कमी म्हणजे वाचन कमी, हे गणित चुकीचे असू शकते. परवान्यात असूनही बाहेरून आणलेला लेख ही तर दाराबद्दलचीच तक्रार. ही तपासणी सदोष आहे, हे मान्य. सारांश वाचून संदर्भ देणारे असतात, मागच्या वर्षीची सूची उचलणारेही असतात. पण तीस सूच्यांत तेच बारा संदर्भ त्याच क्रमाने आले, तर तोही एक निष्कर्षच.

इथे एक आक्षेप हमखास येतो: मुळात मुलांना वाचायचेच नाही, त्यांना गाइड आणि जुन्या प्रश्नपत्रिका हव्यात, मग दारे किती सुधारायची? प्रश्नपत्रिकांचे खरे आहे. बहुतेक विद्यापीठांच्या डिजिटल भांडारात सर्वाधिक उघडला जाणारा कप्पा तोच असतो. त्याला नाक मुरडू नये. विद्यार्थ्याची ती रास्त गरज आहे. फक्त तो आकडा शोधसाहित्याच्या आकड्यात मिसळू नये, वेगळा दाखवावा. आणि ज्या विषयात दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका व एक गाइड यांवर प्रथम श्रेणी मिळते, तिथे नियतकालिकांचा वापर शून्य असणे हा विद्यार्थ्याचा हिशेबीपणा आहे. दोष असलाच तर अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाचा. म्हणून ग्रंथालयाच्या वापराचा विभागवार तक्ता अभ्यास मंडळांपुढे जायला हवा. आज तो ग्रंथालय समितीच्या फायलीत थांबतो.

विभागवार, व्यक्तिवार नव्हे. प्रॉक्सीच्या नोंदीत कोणी कोणता लेख कधी उघडला हे सगळे असते, आणि हजेरीला गुण देण्याची सवय असलेल्या व्यवस्थेत ‘ई-ग्रंथालय वापरासाठी पाच गुण’ ही कल्पना कोणालातरी सुचणारच. सुचली की वापराचा आकडा कायमचा निरुपयोगी झाला असे समजावे. त्याहून गंभीर हे, की कोण काय वाचतो ही माहिती मानसिक आजारांवरचे, धर्मचिकित्सेचे, जातीवरचे, राजकारणाचे वाचन उघडे पाडते. घेतलेली माहिती ज्या कामासाठी घेतली तेवढ्यासाठीच वापरावी, हे तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचेही तत्त्व आहे. करायचे साधे आहे: नोंदीतून नाव व क्रमांक काढून जागी उलगडता न येणारा संकेत ठेवावा, सोबत फक्त विभाग आणि वर्ष, मूळ नोंद नव्वद दिवसांनी पुसावी, दहापेक्षा कमी विद्यार्थ्यांचा कोणताही गट अहवालात वेगळा दाखवू नये.

राहिला पैशाचा हिशेब. वर्गणी भागिले डाउनलोड, म्हणजे एका वापराची किंमत, हे सूत्र सोपे आणि म्हणून धोकादायक आहे. समजा, एक संग्रह चार लाखांचा आणि वर्षाचे दोन हजार वापर. एका लेखाला दोनशे रुपये. स्वस्त वाटते. पण ते दोन हजार वापर संग्रहातल्या पंधरा नियतकालिकांचेच असतील आणि उरलेल्या दोनशेंना कोणी हातही लावला नसेल, तर सरासरीने सत्य झाकले. उलट पन्नास विद्यार्थ्यांच्या भाषाशास्त्र विभागाचे तीनशे वापर महाग दिसतील, प्रत्यक्षात तो विभाग सर्वांत जास्त वाचणारा असेल. राष्ट्रीय योजनेच्या पातळीवर हीच चूक मोठी होते. जिथे वायफाय आहे, प्रयोगशाळा आहेत, इंग्रजीत संशोधन चालते, तिथला वापर वाढतो; जिथे खातीच पोचली नाहीत तिथे ‘मागणी नाही’ अशी नोंद होते. पुढच्या वाटपात ती नोंद पुरावा म्हणून येईल.

म्हणून आढावा घेणाऱ्यांनी डाउनलोडसोबत प्रत्येक विद्यापीठाकडून चार गोष्टी मागाव्यात, आणि विद्यापीठांनी त्या मागण्याची वाट न पाहता दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर टाकाव्यात: खाते मिळालेल्यांचे, एकदा आलेल्यांचे आणि पुन्हा आलेल्यांचे प्रमाण, नकारांचा तक्ता कारणांसह, शून्य निकालांचे वरचे दोनशे शोध व त्यातले वर्षभरात किती सुटले ते, आणि सिमवर चालणाऱ्या फोनवरून पहिला लेख उघडायला लागलेली मिनिटे. ग्रंथालयांत माणसे कमी आहेत, ही अडचण खरी आहे. पण यातले कोणतेच काम वर्षाला दोन आठवड्यांहून जास्त मागत नाही, आणि नॅकसाठी हजेरीची पाने स्कॅन करून चढवण्यात याहून जास्त दिवस गेलेले आहेत. सुरुवात जुलैत करावी, म्हणजे हिवाळी परीक्षांच्या आधी शोधाच्या चौकटीत ‘वाङ्मय’ टंकले की ‘वाड्मय’खाली दडलेली पुस्तकेही वर आलेली असतील.